एका रुपयाची परवानगी

ॲप उघडलं की समोर मोठ्या अक्षरांत येतं: ‘सात दिवस मोफत, फक्त १ रुपयात’. मोफत आहे तर रुपया कशाला, असं फार थोड्यांच्या मनात येतं, आणि ज्यांच्या येतं तेही ‘रुपयाचं काय एवढं’ म्हणून पुढे जातात. खरं तर कंपनीला तुमचा रुपया नकोच असतो. पुष्कळदा तो परतही येतो. तिला हवी असते ती तुमच्या खात्यातून पुढे दर महिन्याला, कधी दर आठवड्याला, तुम्हाला पुन्हा न विचारता पैसे काढण्याची परवानगी. रुपया हे निमित्त. त्या निमित्ताने तुम्ही पिन टाकता आणि परवानगी पक्की होते.

बँकेच्या भाषेत ह्या परवानगीला ई-मॅन्डेट म्हणतात, यूपीआयवर तिलाच ऑटोपे. यूपीआय ऑटोपे २०२० साली सुरू झालं. सोय म्हणून ते उत्तम आहे. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी, विजेचं बिल अशा गोष्टी चतुर्थीच्या धांदलीत राहून जात नाहीत. पण एसआयपी घेणाऱ्याला आपण कशावर सही करतोय ते माहीत असतं. ट्रायल घेणाऱ्याला वाटतं, आपण फुकट काहीतरी घेतोय. कागद तोच, समज वेगळी, आणि सगळा घोळ ह्या फरकात आहे.

पिन टाकण्याआधीचा पडदा

माझं गोव्यात फोंड्याला झेरॉक्सचं दुकान आहे. दाखले, फॉर्म, फोटो ह्यांच्या जोडीला लोक फोन घेऊनही येतात, ‘हे पैसे कशाचे कट झाले ते बघ रे जरा’ म्हणत. त्यामुळे हा पडदा मी अनेकांच्या फोनवर पाहिला आहे. तो नीट वाचला तर पुढचं बहुतेक संकट तिथेच टळतं, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवू.

यूपीआयवर ऑटोपेची विनंती आली की पिन टाकण्याआधी ॲप काही गोष्टी दाखवतं. कोणाला पैसे जाणार ते नाव. रक्कम. किती दिवसांनी. कधीपासून आणि कधीपर्यंत. ह्यातली रक्कम सगळ्यात फसवी. तिथे कधी नेमका आकडा असतो, तर कधी ‘इतक्या रुपयांपर्यंत’ अशी कमाल मर्यादा असते. जाहिरातीत महिन्याला १९९ लिहिलेलं असतं आणि मर्यादा मात्र दोन-पाच हजारांची मागितलेली असते. म्हणजे उद्या कंपनीने दर वाढवला तरी मर्यादेच्या आत असेपर्यंत तुमच्या नव्या पिनची गरज नाही. ही मर्यादा दिसली की मी तरी तिथेच थांबतो.

‘किती दिवसांनी’ ह्या ओळीत रोज, आठवड्याला, महिन्याला, तीन महिन्यांनी, वर्षाला असे पर्याय असतात, आणि आणखी एक: कंपनी मागेल तेव्हा. हा शेवटचा पर्याय दिसला तर समजायचं की वेळापत्रक तुमच्या हातात नाही. ‘कधीपर्यंत’च्या ओळीत पुष्कळदा इतकं पुढचं वर्ष असतं की आज बालवाडीत असलेलं पोर तोवर नोकरीला लागलेलं असेल. सात दिवसांच्या ट्रायलला काही दशकांची मुदत कशाला लागते, हे विचारायला त्या पडद्यावर कोणी नसतं. खाली फक्त मोठं बटण असतं.

आठवड्याच्या दराकडे खास लक्ष द्या. कागद स्कॅन करणारी, फोटो सजवणारी, भविष्य सांगणारी बरीच ॲप्स आठवड्याला पैसे घेतात, कारण आठवड्याचा आकडा लहान दिसतो. सरकारी भरतीचा अर्ज भरताना दाखल्यांची पीडीएफ करायची म्हणून एखाद्या मुलाने म्हापशाला बसमध्ये बसल्या बसल्या स्कॅनरची तीन दिवसांची ट्रायल घेतली. पाच मिनिटांत काम झालं. पुढे आठवड्याला १९९ म्हणजे वर्षाचे १०,३४८ रुपये झाले. गृह आधार ह्या गोवा सरकारच्या योजनेचे महिन्याला १,५०० रुपये येतात त्या आईच्या खात्याला हे ऑटोपे जोडलेलं असलं, तर त्यातले निम्म्याहून जास्त ह्यात जातील. आणि हा स्कॅनर बहुतेक फोनमध्ये आधीपासून फुकट असतोच.

विसरण्यावर चालणारा धंदा

वस्तू आवडली तर लोक पैसे देतील, ही ट्रायलची प्रामाणिक बाजू. ती खरीही आहे. पण दुसरी बाजू कंपन्यांना चांगली ठाऊक असते: आवडली नाही तरी बरेच लोक बंद करायला विसरतात. अमेरिकेत काही अर्थशास्त्रज्ञांनी कार्डांच्या व्यवहारांच्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं की एखाद्याचं कार्ड बदलून नवं आलं आणि सबस्क्रिप्शन चालू ठेवायला नवा नंबर द्यावा लागला, की नेमकं तेव्हा बंद करणाऱ्यांचं प्रमाण एकदम वाढतं. म्हणजे आदल्या महिन्यापर्यंत पैसे जात होते ते आवडीमुळे नव्हे, कोणी विचारलं नव्हतं म्हणून.

ट्रायलचे दिवसही असेच बेतलेले असतात. तीन दिवसांची ट्रायल शुक्रवारी संध्याकाळी घेतली तर ती सोमवारी संध्याकाळी संपते. पण ॲपल ती संपण्याच्या किमान एक दिवस आधी रद्द करायला सांगतं. म्हणजे तिथे खरी मुदत रविवार संध्याकाळ. मध्ये एक जत्रा, एक बारसं आलं, की गेली.

म्हणून ज्याला ट्रायल घ्यायचीच आहे त्याने घेतल्या घेतल्या लगेच रद्द करावी. विचित्र वाटेल, पण गूगल प्ले आणि ॲपलवर पुष्कळ सेवा रद्द केल्यावरही ठरलेले दिवस संपेपर्यंत चालतात. काही मात्र त्याच क्षणी बंद होतात. रद्द करताना कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचायचं. बंद झालीच तर ‘मोफत’ किती मोफत होतं ते तरी कळलं.

चोवीस तास आधीचा मेसेज

आपल्याकडे ग्राहकाच्या बाजूने एक चांगली तरतूद आहे, आणि ती फारशी कोणाला माहीत नाही. कार्ड, वॉलेट किंवा यूपीआयवरून ठरावीक काळाने आपोआप पैसे जाणार असतील तर त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. ते २०१९ मध्ये आले आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून पक्के लागू झाले. त्या महिन्यात अनेकांची परदेशी सबस्क्रिप्शनं अचानक अडकली होती, ती ह्याच कारणाने. नियम असा: परवानगी देताना ओटीपी किंवा पिन लागलाच पाहिजे. मग प्रत्येक वेळी पैसे काढण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवलं पाहिजे. त्यात कंपनीचं नाव, रक्कम, तारीख, कारण आणि मॅन्डेटचा क्रमांक हवा. आणि तो निरोप मिळाल्यावर ती एक वसुली किंवा सगळं मॅन्डेटच नाकारण्याची सोय हवी. एका वेळची रक्कम १५,००० रुपयांच्या वर असेल तर पुन्हा ओटीपी किंवा पिन लागतो. ही मर्यादा आधी २,००० होती, मग ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,००० वर गेली. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल ह्यांना ती आता एक लाखापर्यंत आहे.

ट्रायलचे आकडे शेकड्यांत असतात, म्हणून ओटीपी येत नाही आणि पैसे गुपचूप जातात. मग पैसे जाण्याआधी हातात उरतो तो हा एकच मेसेज. तो येतो, पण दिसत नाही. आमच्या दुकानात एक काकी आल्या होत्या. भजनांच्या एका ॲपने त्यांचे तीन महिने पैसे घेतले होते. मी मेसेज उघडले तर तिन्ही वेळचे आदल्या दिवशीचे निरोप तिथे होते.

“काकी, हे वाचले नाहीत?”

“वाचू कधी रे? दिवसभर बँकेचेच येत असतात. अर्धे तर कर्ज घ्या म्हणून सांगणारे.”

काकींचं चुकलं असं मला म्हणवत नाही. कर्जाची जाहिरात आणि खात्यातून उद्या पैसे जाणार ही सूचना एकाच चेहऱ्याने येत असेल तर दोन्ही न वाचताच खाली ढकलली जाणार. त्यातून ॲप प्ले स्टोअरमधून घेतलेलं असलं तर मेसेजमध्ये भजनाच्या ॲपचं नाव नसतंच, गूगलचं असतं. माणसाला वाटतं फोनचंच काहीतरी असेल. मेसेजच्या ॲपमधल्या शोधाच्या चौकटीत ‘मॅन्डेट’ आणि ‘ऑटोपे’ हे शब्द इंग्रजीत टाकून पाहा. सहा महिन्यांचा हिशेब दोन मिनिटांत समोर येतो.

एक सूचना इथेच. हे नियम भारतातल्या बँकांना लागू. गोव्यात घरातल्या कोणाचं तरी दुबईच्या नाहीतर लंडनच्या बँकेचं कार्ड असतंच, आणि ओटीटीला ते जोडलेलं असतं. त्या कार्डावर हा आदल्या दिवशीचा मेसेज मिळेल असं धरून चालू नका.

ॲप काढून टाकलं, तरी

काकींनी ते ॲप दुसऱ्याच दिवशी फोनमधून काढून टाकलं होतं. पैसे तरीही जात राहिले. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. दारावर टांगलेली पिशवी आत घेतली की पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, कळतं, ह्या घरात आज पाव नको. ॲप काढून टाकलेलं कंपनीच्या वसुलीला कळत नाही. फोनमधलं ॲप, कंपनीकडचं तुमचं सबस्क्रिप्शन आणि बँकेकडचं मॅन्डेट ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली काढल्याने उरलेल्या दोन हलत नाहीत.

सबस्क्रिप्शन जिथून घेतलं तिथेच बंद करायचं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवायचं, मग पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव असतं, त्यात सबस्क्रिप्शन्स. कंपनीच्या वेबसाइटवर कार्ड किंवा यूपीआय देऊन घेतलं असेल तर ह्या दोन्ही याद्यांत ते सापडणार नाही, वेबसाइटवर लॉग इन करून खात्यात शोधावं लागेल.

काकींच्या प्ले स्टोअरमध्ये यादी रिकामी होती. पैसे जातायत आणि सबस्क्रिप्शन नाही, हे कसं? फोटोवर पुन्हा बोट ठेवलं तर खाली दुसरा ईमेल दिसला. फोन मुलाने घेऊन दिलेला, सुरू करताना त्याने स्वतःचाच जीमेल टाकलेला, आणि आता तो जहाजावर. त्याच्या खात्यावर गेल्याबरोबर भजनाचं ॲप हजर. ‘रद्द करा’वर बोट ठेवलं, कारण विचारलं तेव्हा पहिलं दिसलं ते निवडलं, झालं. गोव्यात अर्धे फोन असेच कोणीतरी दुसऱ्याने सुरू करून दिलेले असतात, तेव्हा यादी रिकामी दिसली तर खातं बदलून पाहा.

त्यानंतर यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपेची यादीही उघडावी. प्रत्येक यूपीआय ॲपमध्ये ती असते, बहुधा प्रोफाइलमध्ये. तिथे चालू मॅन्डेट्स दिसतात आणि ती थांबवता किंवा कायमची रद्द करता येतात, पिन टाकून. कार्डावरची मॅन्डेट्स बँकेच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर मिळतात. मॅन्डेट रद्द झालं की त्यावर पुढे पैसे काढता येत नाहीत, कंपनीला ते आवडो वा न आवडो. कंपनी दाद देत नसेल तर ही बाजू तुमच्या हातात आहे. पण मॅन्डेट तोडून सबस्क्रिप्शन तसंच ठेवलं तर काही कंपन्या ‘बाकी भरा’ म्हणून मागे लागतात, म्हणून जमेल तिथे दोन्ही बंद करावं. खातं रिकामं ठेवून ऑटोपे बंद पडेल अशी वाट बघणं हा उपाय नव्हे. यूपीआयवर पहिला प्रयत्न फसला तर आणखी तीनदा प्रयत्न करायची मुभा आहे. त्यात गृह आधार जमा होण्याचा दिवस सापडला म्हणजे झालं.

बंद करण्याचं बटण कुठे लपतं

चालू करायला एक बोट, बंद करायला आठ पडदे. हे आळसाने होत नाही, मुद्दाम होतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ॲमेझॉनवर प्राइमच्या सदस्यत्वावरून खटला भरला. त्यात आयोगाने म्हटलं होतं की सदस्यत्व रद्द करण्यासाठी ग्राहकाला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्यायांतून जावं लागे, आणि कंपनीत ह्या वाटेचं नाव होतं ‘इलियड’, होमरच्या त्या लांबलचक युद्धकाव्यावरून. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲमेझॉनने २.५ अब्ज डॉलर देऊन तडजोड केली, त्यातले दीड अब्ज ग्राहकांच्या परताव्यासाठी.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक सूचना काढल्या. डार्क पॅटर्न म्हणजे ग्राहकाला गुंगवून नको ते करायला लावणारी पडद्याची मांडणी. अशा तेरा प्रकारांची त्यात यादी आहे आणि सबस्क्रिप्शनचा सापळा हा त्यातला एक. रद्द करणं अशक्य किंवा किचकट करणं, रद्द करण्याचा पर्याय लपवणं, सूचना मुद्दाम गोंधळाच्या ठेवणं हे सगळं त्यात येतं. शिवाय एक कलम असं आहे की ते वाचून मी दोनदा डोळे चोळले: मोफत सबस्क्रिप्शनसाठी पेमेंटची माहिती किंवा ऑटो डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं हाही सापळाच मानला आहे. म्हणजे ह्या लेखाच्या पहिल्या ओळीतली जाहिरातच त्यात बसते. रुपया घेतला म्हणजे ते ‘मोफत’ उरत नाही, असा युक्तिवाद कंपनीचा वकील करेल कदाचित. करू दे, जाहिरातीत मोफत हा शब्द कोणी छापला तेही मग त्यानेच सांगावं. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन व्यापाऱ्यांना तीन महिन्यांत आपल्या पडद्यांची स्वतःच तपासणी करायला सांगितलं. चोरालाच तिजोरी मोजायला सांगितल्यासारखं वाटतं खरं, पण तक्रारीत बोट ठेवायला नियम आहे हेही काही कमी नाही.

पैसे गेल्यावर

पहिल्यांदा एक फरक समजून घ्या. तुमच्या नकळत कोणी कार्ड किंवा यूपीआय वापरलं तर ती फसवणूक. तिथे बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं आणि चूक तुमची किंवा बँकेची नसली तर नुकसान तुमच्या माथी येत नाही, आणि १९३० ह्या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं. ट्रायलचं तसं नाही. तिथे पिन तुम्हीच टाकलेला असतो. बँकेत जाऊन ‘मी हे केलंच नाही’ म्हटलं तर बँक मॅन्डेटची नोंद दाखवते आणि विषय तिथेच संपतो. म्हणून बोलायचं ते असं: परवानगी अमुक तारखेला दिली, अमुक तारखेला रद्द केली, त्यानंतरही पैसे काढले. किंवा, आदल्या दिवशीची सूचना आलीच नाही. तारखा आणि स्क्रीनशॉट हाताशी असतील तर बँकेला उत्तर द्यावंच लागतं. तीस दिवसांत दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. १४४४८ वर चौकशी होते.

परताव्याची मागणी आधी कंपनीकडे. ॲप प्ले स्टोअरचं असेल तर पैसे गेल्यापासून ४८ तासांच्या आत गूगलकडेच मागणी करता येते, नंतर ॲप बनवणाऱ्याला लिहावं लागतं. आयफोनवर ॲपलचं तक्रारीचं पान आहे, तिथे खरेदी निवडून कारण लिहायचं. चार ओळी, रागाशिवाय. ‘ट्रायल संपण्याआधी रद्द केलं होतं, सोबत चित्र’ हे ‘तुम्ही सगळे चोर’पेक्षा लवकर वाचलं जातं.

ह्या टप्प्यावर बरेच जण एक मोठी चूक करतात. पैसे परत हवेत म्हणून गूगलवर त्या ॲपचा कस्टमर केअर नंबर शोधतात आणि वर दिसेल त्याला फोन लावतात. तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, एक ॲप घ्यायला सांगतो, तुमच्या फोनचा पडदा बघतो, आणि १९९ परत मिळवायच्या नादात खातं साफ होतं. पैसे परत मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही. नंबर फक्त ॲपच्या आत किंवा कंपनीच्या वेबसाइटवर पाहायचा.

कंपनी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं, आणि हेल्पलाइनकडून चौकशी आली की कंपन्या पुष्कळदा छोट्या रकमा मुकाट्याने परत करतात. त्यावरही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. १९९ रुपयांसाठी कोण जाणार, असं कंपनी धरून चालते. महिनोन्‌महिने पैसे गेले असतील आणि कागद जुळत असतील तर एखाद्याने जावं असं मला वाटतं.

शेवटची गोष्ट कार्डाची, दोन मिनिटांच्या कामाची. २०२० पासून प्रत्येक बँकेला आपल्या कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार चालू-बंद करण्याचं बटण द्यावं लागतं. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या पानावर ते असतं. परदेशी वेबसाइटवर काही घ्यायचं नसेल तेव्हा परदेशी व्यवहार बंदच ठेवा, आणि ऑनलाइन व्यवहारांना आपल्याला पटेल अशी मर्यादा घाला. ट्रायलसाठी पगाराचं किंवा पेन्शनचं खातं कधी जोडू नका. वेगळं छोटं खातं असेल तर ते, नाहीतर ट्रायलच नको.